कोन शे?

अन्याय झाला तो तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकावर. झाला तो मागच्या दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळच्या पहिल्या तासाला, नाशिकमधल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. फुकटची जाहिरात नको म्हणून.

त्या तासाला सरांनी अंगातला शर्ट काढला. तिसऱ्या बाकावरच्या पोराने त्याचा व्हिडिओ काढला. आणि पुढच्या सोमवारी कॉलेजने सरांना काढलं. मराठीत तिन्ही कामांना एकच क्रियापद आहे, पण गुन्हा ठरलं ते फक्त पहिलं काढणं.

मी सरांची जुनी विद्यार्थिनी. एरवी मी पत्रकं लिहिते. अर्धा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. सीबीएसबाहेर, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्थानकाबाहेर, उभी राहून वाटते. लोक घेतात, घडी घालतात आणि पुढच्या गाडीवर त्यातच शेंगदाणे बांधून घेतात. चालायचंच. पण पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. म्हणून हे लांबलंय.

सर मूळचे नाशिक जिल्ह्यातल्याच देवळ्याचे. सगळी नोकरी नाशकात गेली तरी तोंडातला एक शब्द शहराने पुसला नाही. फोन उचलला की हॅलो नाही, "कोन शे?" दार वाजलं की आतून, "कोन शे?" अहिराणीतलं हे 'शे' म्हणजे आपलं 'आहे'. कोण आहे, एवढाच अर्थ. त्यांची आई चुलीपुढून उठायच्या आधी दाराकडे बघून असंच विचारायची, तेच यांच्या जिभेवर राहिलं. पण आईचं काम एका प्रश्नात भागायचं, सरांचं भागत नसे. आपण बाहेरून म्हणावं, मी आहे सर, की आतून दुसरा प्रश्न यायचा, "मी म्हणजे कोन शे?" आणि हे सगळं कडी न काढता. एकदा एक कुरियरवाला उन्हात उभा राहून इतका वैतागला की म्हणाला, काका, मी पार्सल आहे. सर आठवडाभर खूश होते. या शहरात स्वतःला बरोबर ओळखणारा पहिला माणूस भेटला, असं वर्गावर्गात सांगत फिरले.

उंच, खांद्यात वाकलेले. चष्म्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. आणि पुस्तकं कशात, तर कांद्याच्या लाल जाळीच्या पिशवीत. कॉलेजात बाकीच्या सर-मॅडमांच्या बॅगा बघून आम्ही त्यांची ऐपत ठरवायचो. यांच्या पिशवीतून आरपार पुस्तकं दिसायची, पिशवी दिसायचीच नाही. प्राचार्य मॅडमनी एकदा स्टाफसमोर त्यांना नवी बॅग भेट दिली. सरांनी ती घेतली, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी कांद्याच्या जाळीत बॅग घालून आणली.

ग्रीकांचा भाग आला की सर वेगळेच व्हायचे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ती माणसं, पण सर बोलायचे असे, की ती जणू देवळ्याच्या बाजारात काल भेटली होती. 'आपले ग्रीक' म्हणायचे. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या लोकांकडे म्हणे जिवंत शरीराला शब्दच नव्हता. हात होते, गुडघे होते, कातडी होती, पण सगळं मिळून 'शरीर' असं नव्हतं. 'सोमा' हा शब्द होता, पण तो मढ्यासाठी. माणूस मेला की मग त्याला शरीर मिळायचं. आणि जीवाचं नाव निघायचं तेही तो तोंडावाटे उडून जाताना. पुढे दुसरे ग्रीक आले. ते म्हणाले, सोमा म्हणजेच सेमा. शरीर म्हणजे थडगं, आणि जीव त्यात पुरलेला. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सोमा = सेमा' लिहिलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, सर, सोमा आमच्या गल्लीत राहतो. सर वळलेही नाहीत. म्हणाले, त्याला विचारून ये, आत कोण पुरलंय.

मग तिसरा ग्रीक. मला तोच पटायचा. तो म्हणायचा, जीव आतबीत कुठे नसतो. कुऱ्हाड जिवंत असती तर तोडणं हाच तिचा जीव असता. तोडणं गेलं की जे उरतं ते कुऱ्हाड नव्हे, कुऱ्हाडीच्या आकाराचं लोखंड. हे सांगून झालं की सर खडू ठेवायचे आणि आमच्याकडे बघायचे. "तुमचं काय गेलं तर तुम्ही फक्त तुमच्या आकाराचे उराल?" त्या वेळी वर्गातले निम्मे हात आपोआप खिशातल्या मोबाईलवर जायचे. सरांना ते दिसायचं. ते हसायचे नाहीत. मान हलवायचे, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी.

आमच्या बॅचने शिक्षक दिनाला त्यांना शर्ट दिला. मॉलमधला, भारीतला, छातीवर भरतकामाने काढलेलं छोटं हरीण. त्या हरणासाठीच तो घेतला होता, हे कबूल केलं पाहिजे; हरीण नसतं तर तोच शर्ट मेनरोडला कुठेही मिळाला असता. दोन दिवसांनी सर तो घालून आले. हरीण नव्हतं. ब्लेडने एकेक टाका उसवून त्यांनी ते काढलं होतं आणि कापडावर फक्त भोकं राहिली होती, हरणाच्याच आकाराची. उसवलेला दोरा कागदाच्या पुडीत घालून त्यांनी आमच्या सी.आर.च्या हातात दिला. "तुमचं जनावर माझ्याकडे आलं होतं. सांभाळा." मग म्हणाले, गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा, म्हणून तो पोपट सात समुद्रांपलीकडे लपवून ठेवायचा. तुम्ही राक्षसाहून भोळे. तुमचा जीव हरणात, आणि ते छातीवर शिवून गावभर हिंडता.

पोरं हसली. मी हसले नाही. मी उठून उभी राहिले.

इथे माझ्याबद्दल एवढं सांगते की मी नाशिकरोडच्या बाजूच्या एका कॉलनीतल्या बौद्ध घरातली. वडील सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला. मशीनवर उभं राहून काळे होणारे हात, पण घरातून निघताना पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तिथे गेल्यावर तो काढून युनिफॉर्म घालायचा, तरीही. मी सरांना म्हणाले, माझे आजोबा धुतलेले कपडे घालून गावातल्या वाटेने गेले म्हणून त्यांना चिखलात बसवलं होतं. माझ्या वडिलांचा शर्ट तुमच्या हिशोबाने थडगं असेल, आमच्या हिशोबाने नाही. कपडे म्हणजे माणूस नव्हे, हे म्हणायला आधी अंगभर कपडे घालायची मुभा मिळालेली असावी लागते. तुम्हाला ती जन्मताच मिळाली, सर.

 सरांनी पिशवी उचलली आणि तास अर्धा सोडून निघून गेले. मला वाटलं, संपलं, आता इंटर्नलचे मार्क गेले.

पुढच्या तासाला ते आले आणि मला आधी काही कळेना, त्यांच्यात काय बदललंय ते. मग दिसलं. शर्टाला इस्त्री होती. कॉलरपाशी थोडी करपलेली. फळ्यावर त्यांनी पुन्हा 'सेमा' लिहिलं.

"परवा मी अर्धंच शिकवलं. सेमा म्हणजे थडगं, तसंच सेमा म्हणजे खूणही. ग्रीकांनी दोन्हीला एकच शब्द ठेवला, कारण त्यांनाही ठरवता आलं नाही. खूण दुसऱ्याने येऊन आपल्यावर शिवली तर ते थडगं. आपण आपल्या हाताने शिवली तर ती खूण. हे मला परवा कळलं." मग माझ्याकडे बोट करून, "वडलांना सांग पोरी, इस्त्री जमत नाही. पण करतोय."

मी घरी सांगितलं. वडिलांनी खुंटीवरचा पांढरा शर्ट काढून कॉलर उलटी केली. मग म्हणाले, कॉलर आधी करायची असते, उलट्या बाजूने. सांग सरांना. एवढंच. पण त्या दिवसापासून आमच्या घरात 'तुझे सर' जाऊन 'सर' झालं.

सर आम्हाला लेण्यांवर घेऊन गेले होते तेव्हा आई माझ्यासोबत आली होती. शहर त्यांना पांडवलेणी म्हणतं, आम्ही त्रिरश्मी म्हणतो. पायऱ्या चढून वर गेलं की सगळ्यांचे फोन निघतात आणि बुद्धाकडे पाठ करून तोंडं वेडीवाकडी होतात. सर पोरांना एका लेण्यापाशी घेऊन गेले. ते लेणं एका यवनाने कोरवून घेतलंय. यवन म्हणजे हेच, आपले ग्रीक. उत्तरेकडून कुठूनतरी आलेला. सरांनी वरचा लेख बोटाने हवेतच गिरवून वाचला. त्यात त्याचं नाव आहे, बापाचं आहे, लेकाचं आहे, गावाचं आहे, आणि आईबापासाठी हे लेणं भिक्खूंना दिलं असं आहे. त्याच्याकडे घोडे किती होते, अंगावर काय होतं, कुठल्या कापडाचं, याचा एक शब्द नाही. सर म्हणाले, बघा, विकत घेतलेल्याची पावतीसुद्धा उरली नाही. देऊन टाकलं तेवढंच दगडात राहिलं.

मग आत्म्याचा विषय निघाला तेव्हा आईने तोंड उघडलं. आई आठवी शिकलेली, पण विहारातलं एकही प्रवचन न चुकवलेली. तिने सरांना सरळ सांगितलं की आमच्यात आत्मा मानत नाहीत, पोरीला भलतं काही शिकवू नका. मला वाटलं, आता पायरीवरच वादविवाद सुरू होतो. सर हात जोडून म्हणाले, "मग तुमचं बरं आहे, ताई. विकायला तुमच्याकडे एक वस्तू कमी. दुकानदार तुमच्या दारात फार वेळ थांबणार नाही."

आई खाली उतरेपर्यंत हसत होती. पुढच्या आठवड्यात तिने त्यांना भाकरी आणि ठेचा पाठवला. डबा परत आला तो धुतलेला, आणि आत चिठ्ठी नाही, काही नाही, देवळ्याचे चार कांदे.

आता तो गुरुवार.

दरवर्षी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला सर एक तास घ्यायचे. पोरं त्याला 'सोलायचा तास' म्हणायची. मी त्यात बसलेली आहे, म्हणून व्हिडिओत कापलेलं मला माहीत आहे. सर टेबलाशी उभे राहायचे. घड्याळ काढायचे, टेबलावर ठेवायचे. विचारायचे, मी कमी झालो का? पोरं म्हणायची, नाही. पेन. नाही. गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र. नाही. चपला. नाही. चष्मा. इथे कुणीतरी म्हणायचं, सर, थोडे कमी झालात, आम्ही दिसत नसू. मग शर्ट. शेवटी सर बनियनवर उभे, टेबलावर ढिगारा, आणि म्हणायचे, आता यातलं काहीच माझ्यावर नाही, तरी तुम्ही मला ओळखता ना? मग दुकानात ओळख म्हणून विकतात ते काय आहे?

त्यानंतर ते शर्ट पुन्हा घालायचे, बटणं नीट लावायचे आणि एकेकाजवळ जाऊन विचारायचे, "कोन शे?" उत्तरात नाव नको, गाव नको, जात नको, बापाचं काम नको, विकत घेतलेलं काही नको. पोरं घामाघूम व्हायची. आमच्या वेळी एकजण रडला होता. एक मुलगी म्हणाली होती, सर, मला भूक लागलीय. सरांनी टाळी वाजवली आणि तास सोडून दिला. हिला सापडलं, म्हणाले, हिला आधी वडापाव द्या.

व्हिडिओत यातलं काय आहे? सर शर्ट काढताहेत, बनियनला काखेत भोक आहे, आणि लगेच पुढच्या क्षणी सर, फक्त चेहरा दिसेल इतके कॅमेऱ्यासमोर येऊन, "कोन शे? कोन शे?" म्हणताहेत. मधलं सगळं कापलेलं. मागे ढोलकी. बटणं लावतानाचे सर नाहीत. भूक लागलेल्यांना सोडणारे सर नाहीत. एक वेडा म्हातारा आहे, कपडे काढून 'कोन शे' विचारणारा. आपल्याकडे याला शब्द आहे, गिऱ्हाईक करणं. एखाद्याची टर उडवली की आपण म्हणतो, त्याचं गिऱ्हाईक केलं. सरांचं गिऱ्हाईक झालं. आयुष्यभर जे व्हायचं टाळलं, तेच झालं.

रविवारपर्यंत तो व्हिडिओ पिंपळगावच्या टोमॅटोच्या मार्केटमधल्या बायकांच्या फोनवर होता. सोमवारी मॅनेजमेंटने सरांना बोलावलं. वर्गात वस्त्रं उतरवली, संस्थेची प्रतिमा मलिन झाली, असं त्यांचं म्हणणं. तिथे हजर असलेल्या एका मॅडमनी मला नंतर सांगितलं की सरांनी एकच विचारलं, माझ्या अंगात शर्ट नसता तर तुम्ही मला ओळखलं नसतं का? त्यावर एक सदस्य म्हणाले, विषय तो नाही. अहो, विषय तोच होता. तोच विषय शिकवायला तुम्ही त्यांना नेमलं होतं.

सक्तीची रजा दिली. ती अजून संपलेली नाही, संपणारही नाही. विषयाला विद्यार्थी नाहीत म्हणून विषय बंद. त्यांच्या वर्गखोलीत आता पर्सनल ब्रँडिंगची कार्यशाळा चालते. गेटवर फ्लेक्स आहे, 'स्वतःचा ब्रँड बना'. व्हिडिओ काढणाऱ्या पोराला त्याच कार्यशाळेच्या उद्घाटनात स्टेजवर बसवलं, हजारो लोकांपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी म्हणून. मला त्या पोराचा राग आहे, पण थोडाच. तो कॉलेजनेच शिकवलेलं करत होता.

आणि मग टी-शर्ट आले. काळं कापड, पांढरी अक्षरं, 'कोन शे?' खाली चष्म्याचं चित्र. एका दांडीला दोरा बांधलेला. दोरासुद्धा सोडला नाही त्यांनी. कॉलेज रोडला एका पोराच्या अंगात मी तो पहिल्यांदा बघितला, मिसळीच्या रांगेत. विचारलं, हे कोण रे? म्हणाला, माहीत नाही ताई, ट्रेंड आहे. 'शे' म्हणजे काय, विचारलं. असंच काहीतरी फनी, म्हणाला. नाशिक जिल्ह्यात राहून. अर्धा जिल्हा जे बोलतो ते याला फनी.

सर देवळ्याला भावाकडे गेल्याचं कळलं. मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, बोला." मला वाटलं, भाऊ आहेत. सर आहेत का, म्हटलं. मीच बोलतोय, असं उत्तर आलं.  तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाने हॅलो म्हटलं नाही तो हॅलो म्हणत होता.

एसटीने गेले. गावाबाहेर घर, शेजारी कांदा साठवायची चाळ, दुपारची वेळ. दार बंद होतं. कडी वाजवली. आतून काही नाही. पुन्हा वाजवली. आत माणूस असल्याचं कळत होतं, खाट करकरली होती. मी वाट बघत होते, त्या दोन शब्दांची. शेवटी मीच म्हणाले, सर, मी. त्यावरही काही नाही. मग कडी निघाली आणि सर दारात आले. हरणाच्या भोकांचा तोच शर्ट. इस्त्री नाही.

"या, बसा," म्हणाले. मला. 'पोरी' म्हणणाऱ्या माणसाने मला 'या, बसा' म्हटलं.

भावाने सांगितलं की बाजारात गेलं की पोरं घेरतात, सर, एकदा म्हणा ना, म्हणतात, आणि फोन समोर धरतात. कुणी टी-शर्ट घालून येतं आणि शेजारी उभं राहून फोटो मागतं. आता ते बाजारात जातच नाहीत. कुणी दार वाजवलं तर दुसरं कुणी उघडेपर्यंत गप्प बसून राहतात.

सरांशी मी ग्रीकांचं काढून बघितलं, लेण्यांचं काढून बघितलं, आईने विचारलंय म्हणून सांगितलं. हो, हो, म्हणत राहिले. उठताना मी न राहवून विचारलं, सर, तुम्ही आता विचारत का नाही? ते चाळीकडे बघत होते.

"तो शब्द माझ्या आईचा होता. आता तोंडात घेतला की समोरचा आधीच हसायला बसलेला असतो."

मला तो तिसरा ग्रीक आठवला. तोडणं गेलं की उरतं ते कुऱ्हाडीच्या आकाराचं लोखंड. विचारणं हाच या माणसाचा जीव होता. तो काढून घेतला, कापडावर छापला, एक्स्ट्रा लार्जपर्यंत सगळ्या मापांत विकायला ठेवला. दारात मला निरोप द्यायला उभं होतं ते सरांच्या आकाराचं कुणीतरी.

तो टी-शर्ट मी आणून बघितला आहे. ब्लेड घेऊन बसले. उसवत नाही. भरतकामाचं हरीण टाका टाका निघतं, ही छपाई आहे, खरवडलं तर कापड फाटतं. म्हणजे हे काम माझ्या ब्लेडचं नाही, तुमच्या हाताचं आहे. होय, तुमच्या. तो व्हिडिओ तुम्ही बघितलाय. तुम्ही हसलायत. कुणाला तरी पुढे पाठवलाय, आणि अजून तो तुमच्या फोनमध्ये कुठेतरी पडून आहे. कॉलेजकडे मी पत्रकातून मागायचं ते मागेनच. तुमच्याकडे मागते ते एवढंच. म्हाताऱ्याचे दोन शब्द त्याच्या तोंडात परत जाऊ द्या. फोनमधून काढा. अंगात असेल तर अंगातून काढा. हे वाचून झाल्यावर, चहा घेतल्यावर, आठवण झाल्यावर नाही.

आत्ता. काढा.